खेकड्यांचं सोडा, गावावरचं धरण तपासतं कोण? तिवरे दुर्घटनेतून समजून घ्यायची गोष्ट

२ जुलै २०१९, मंगळवार. कोकणात धो धो पाऊस कोसळत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे गावचं मातीचं धरण फुटलं. धरणाच्या खालीच भेंदवाडी होती. पाण्याचा लोंढा थेट वाडीवर आला आणि घरंच्या घरं घेऊन गेला. वीसहून जास्त माणसांचा जीव गेला.

यानंतर दोनच दिवसांत सगळ्या महाराष्ट्रात एका वेगळ्याच गोष्टीची चर्चा सुरू झाली, ती म्हणजे खेकडे.

तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी सांगितलं की, खेकड्यांनी धरण पोखरल्यामुळे गळती झाली आणि धरण फुटलं. झालं, सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन आंदोलनाला उतरले. आजही तिवरे म्हटलं की अनेकांना पहिल्यांदा खेकडेच आठवतात.

पण या सगळ्या थट्टेत एक प्रश्न मागे राहिला. धरण गळत असल्याचं लोकांना दिसत होतं. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की, आम्ही प्रशासनाला आधीच कळवलं होतं. लोकांनी ही बाब लक्षात आणून दिली होती आणि विभागाने त्यावर काम केलं होतं, असं मंत्र्यांनीही सांगितलं. म्हणजे गळती कुणालाच माहीत नव्हती, असं नाही. मग माहीत असूनही माणसं का वाचली नाहीत?

महाराष्ट्रात अशी छोटी-मोठी हजारो धरणं, तलाव आहेत. कुणाच्या नळाला त्यातून पाणी येतं, कुणाच्या विहिरीला पाझर मिळतो, कुणाची शेती भिजते. त्यामुळे हा प्रश्न एकट्या तिवरेचा नाही.

‘लहान’ धरण म्हणजे नेमकं किती लहान?

तिवरे धरणाचा उल्लेख बातम्यांमध्ये ‘लघु पाटबंधारे प्रकल्प’ असा येत होता. ऐकताना वाटतं, असेल एखादा गावतळ्याएवढा बांध. आता आकडे बघा.

सरकारी नोंदीप्रमाणे या धरणाची उंची २८ मीटर होती, म्हणजे साधारण नऊ मजली इमारतीएवढी. लांबी ३०८ मीटर. पाणीसाठा जवळपास २.४५ दशलक्ष घनमीटर. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २४५ कोटी लिटर. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं, म्हणजे धरण भरल्यावर वाडीच्या डोक्यावर साडेचोवीस लाख टन पाणी उभं होतं.

कोयनेच्या शेजारी ठेवलं तर हे काहीच नाही. कोयनेच्या साठ्याच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही हे पाणी कमी आहे. पण धरण फुटलं तर काय होईल, हे केवळ साठ्यावर ठरत नाही. पाणी किती उंचीवरून येतंय आणि खाली पहिलं घर किती अंतरावर आहे, यावरही ते ठरतं. मोठ्या धरणाच्या खालच्या गावांना निदान भोंगा ऐकू येतो, काही तास मिळतात. धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या वाडीला मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

मग ‘लहान’ हे लेबल आलं कुठून?

महाराष्ट्रात धरण कुणाच्या ताब्यात राहणार, हे ढोबळमानाने त्याच्या सिंचन क्षमतेवर ठरतं. १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यावरच्या ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठ्या जलसंपदा विभागाकडे. शिवाय पिण्याच्या पाण्यासाठी काही नगरपरिषदा आणि महापालिकांची स्वतःची धरणं आहेत.

गोम इथेच आहे. किती हेक्टर भिजणार, यावरून धरण लहान की मोठं ते ठरतं. त्याच्या खाली किती माणसं राहतात, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. कोकणासारख्या डोंगराळ भागात तर दरी अरुंद असते. तिथं धरण उंच बांधावं लागतं, पण भिजणारी जमीन थोडीच असते. त्यामुळे कागदावर ‘लघु’ असलेलं धरण प्रत्यक्षात नऊ मजली असू शकतं. अभियंत्यांच्या जगभर चालणाऱ्या व्याख्येप्रमाणे १५ मीटरपेक्षा उंच धरण म्हणजे मोठं धरण. त्या हिशेबाने तिवरे मोठंच धरण होतं.

मातीचं धरण फुटतं कसं?

महाराष्ट्रातली बहुतेक लहान धरणं मातीची आहेत. मातीचं धरण म्हणजे नुसता ढिगारा नसतो. मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचा भराव असतो, तो गाभ्याला धरून ठेवतो. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचू नये म्हणून दगडांचं पिचिंग असतं. मागच्या बाजूला वाळू-खडीची गाळणी असते. धरणात मुरलेलं पाणी या गाळणीतून बाहेर पडावं, पण सोबत माती येऊ नये, अशी ती रचना असते.

थोडक्यात, मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. पाझर दिसला म्हणजे धरण फुटणार, असं नाही. पाझरणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघावं लागतं.

पाणी स्वच्छ असेल आणि दरवर्षी साधारण तेवढंच येत असेल, तर फारशी काळजी नसते. पण ते गढूळ यायला लागलं, तर त्याचा अर्थ धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. आतमध्ये बारीक नळीसारखी वाट तयार होते. वाट रुंद झाली की पाणी वाढतं आणि पाणी वाढलं की वाट आणखी रुंद होते. सुरुवातीला हे काम महिनोन् महिने चालू शकतं. शेवटचा टप्पा मात्र काही तासांत उरकतो.

धरण फुटण्याचा दुसरा प्रकार म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणं. काँक्रीटचं किंवा दगडी धरण असं पाणी काही काळ सहन करू शकतं. मातीचं करू शकत नाही. माथ्यावरून धार पडायला लागली की भराव साखरेसारखा विरघळतो. असं होऊ नये म्हणून बाजूला सांडवा असतो. पूर आला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जातं. पण सांडव्यात झुडपं माजली, दरडीचे दगड पडले, कुणी अतिक्रमण केलं किंवा जास्त पाणी साठावं म्हणून कुणी त्यावर आडवा बांध घातला, तर पाण्याची वाट बंद होते.

तिसरी नाजूक जागा म्हणजे पाणी सोडायची मोरी. ती धरणाच्या पोटातून आरपार जाते. मोरीचं काँक्रीट आणि आजूबाजूची माती यांच्यामध्ये फट पडली की पाणी तिथून वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. तिथेही मोरीचं काम अपुरं असताना धरणात पाणी भरलं होतं.

या तिन्ही प्रकारांत धरणाचं वय हा एकच मुद्दा नसतो. तिवरे धरण बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. दुसरीकडे शंभरी ओलांडलेली धरणं देशात आजही चालू आहेत.

मग खेकड्यांचं काय?

आता थोडं अप्रिय वाटेल असं. मातीच्या धरणाला प्राण्यांच्या बिळांचा धोका असतो, ही गोष्ट खोटी नाही. उंदीर, घुशी, साळिंदर, खेकडे, वारुळं करणाऱ्या वाळव्या हे सगळे भराव पोखरतात. झाडांची मुळंसुद्धा तेच करतात. झाड जिवंत असताना मूळ आत घुसतं, झाड मेलं की मूळ कुजतं आणि आत पोकळी राहते. म्हणून धरणाच्या भिंतीवर झाडं वाढू द्यायची नसतात. जगभरात धरण तपासणाऱ्यांच्या यादीत बिळं आणि झाडं हे मुद्दे असतात.

पण म्हणूनच खेकड्यांचं कारण पुढे केल्याने सरकारी यंत्रणा सुटत नाही, उलट अडकते. बिळं एका रात्रीत पडत नाहीत. ती दिसतात, मोजता येतात, बुजवता येतात. खेकड्यांनी खरोखर धरण पोखरलं असेल, तर ते पोखरलं जात असताना पाहणी करायला कोण गेलं होतं, त्याने काय लिहिलं आणि त्यावर काय झालं, हे प्रश्न लगेच उभे राहतात. खेकडा हे उत्तर नाही. फार तर तो देखभालीच्या प्रश्नाची सुरुवात आहे.

या घटनेनंतर राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं. बांधकामाच्या दर्जावरून आरोप-प्रत्यारोप झाले. पण गावांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा धडा चौकशीची वाट न बघताही दिसतो. तो धडा आहे गळती दिसल्यापासून पाणी कमी करेपर्यंतच्या काळाचा.

गळती दिसली, पण पाणी कमी करता आलं नाही तर?

मातीचं धरण धोक्यात आहे असं वाटलं की पहिलं काम असतं साठा कमी करणं. पाण्याची पातळी उतरली की भिंतीवरचा दाब उतरतो.

मोठ्या धरणाला दरवाजे असतात. ते उघडले की पातळी खाली आणता येते. बहुतेक लहान धरणांना असे दरवाजे नसतात. सांडवा उघडाच असतो, म्हणजे धरण भरलं की आपोआप वाहणार. भरायच्या आधी पाणी सोडायचं असेल तर फक्त ती छोटी मोरी. ती पाणी सोडण्यापुरती बांधलेली असते, धरण रिकामं करण्यासाठी नाही. त्यात व्हॉल्व्ह गंजलेला असेल, चावी फिरत नसेल किंवा तोंडाशी गाळ असेल, तर तेवढंही होत नाही.

म्हणून लहान धरणाच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची ठरते. गळतीचा निर्णय मे महिन्यात घ्यावा लागतो. तेव्हा साठा तळाला असतो, भिंत कोरडी असते, मशीन लावता येतं, खरी दुरुस्ती करता येते. जुलैच्या पावसात वरून मातीचे डंपर ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि मे महिन्यात दुरुस्ती झालीच नसेल, तर पावसाळ्यात एकच उपाय उरतो, खालची माणसं हलवणं.

हे होऊ शकतं का? तर हो, झालेलं आहे.

ऑगस्ट २०२२. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवर ३०४ कोटी रुपयांचं धरण बांधायचं काम सुरू होतं. पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठलं आणि ११ ऑगस्टला भिंतीतून पाणी झिरपताना दिसलं. नंतर मागच्या बाजूचा भराव ढासळायला लागला. प्रशासनाने धार आणि खरगोन या दोन जिल्ह्यांतली १८ गावं रिकामी केली. लष्कर आणि एनडीआरएफला बोलावलं. मशीन लावून बाजूने कालवा खोदला आणि पाण्याला वाट करून दिली. १४ ऑगस्टला पाणी वाहून गेलं. कोट्यवधींचं धरण वाया गेलं, बांधकामावरून जोरदार टीका झाली, पण एकाही माणसाचा जीव गेला नाही.

दोन्हीकडे धरण मातीचंच. दोन्हीकडे गळती दिसली होती. कारममध्ये गळती दिसल्यावर गावं हलवली. तिवरेमध्ये त्या रात्री लोक घरातच होते.

कायदा काय सांगतो?

तिवरे फुटलं २ जुलै २०१९ ला. बरोबर एक महिन्याने, २ ऑगस्ट २०१९ ला लोकसभेत धरण सुरक्षा विधेयक मंजूर झालं. हा योगायोग होता, कारण विधेयकाची चर्चा अनेक वर्षं चालू होती. राज्यसभेत ते २ डिसेंबर २०२१ ला मंजूर झालं आणि ३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा देशभर लागू झाला.

या कायद्यातल्या सर्वसामान्यांच्या कामाच्या गोष्टी अशा:

• १५ मीटरपेक्षा उंच असलेलं प्रत्येक धरण या कायद्याखाली येतं. १० ते १५ मीटर उंचीचं धरण काही अटींवर येतं. उदाहरणार्थ, त्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त असेल अथवा साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त असेल.

• अशा धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं बंधनकारक आहे. मोठा पूर किंवा भूकंप झाला तरी तपासणी करायची.

• देखभाल-दुरुस्तीसाठी वेगळा पैसा राखून ठेवणं ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. इथे मालक म्हणजे ज्या विभागाच्या किंवा संस्थेच्या ताब्यात धरण आहे तो.

• प्रत्येक धरणाचं धोक्यानुसार वर्गीकरण करायचं आहे.

• धरण फुटलं किंवा फुटायची वेळ आली तर कुणी काय करायचं, कुठल्या गावांना कसं कळवायचं, लोकांनी कुठे जायचं, याचा आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा आहे. जुन्या धरणांसाठी त्याला कायदा लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत आहे, म्हणजे २०२६ ची अखेर.

• अधिकाऱ्यांच्या कामात अडथळा आणला किंवा कायद्याखालचे निर्देश पाळायला नकार दिला तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्यामुळे माणसं दगावली तर दोन वर्षांपर्यंत.

महाराष्ट्रासाठी हा कायदा विशेष महत्त्वाचा आहे, कारण देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्याकडे आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय नोंदवहीत देशातल्या ५,७४५ मोठ्या धरणांपैकी २,३९४ एकट्या महाराष्ट्रातली होती. राज्यात धरण सुरक्षेचं काम बघणारी संघटना नाशिकला आहे आणि ती हा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून काम करते आहे.

कायद्यातून काय सुटतं?

सुटतात ती आणखी लहान धरणं. १० मीटर किंवा त्याहून कमी उंचीचे गावतलाव, साठवण तलाव आणि पाझर तलाव या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर असे असंख्य पाझर तलाव राज्यभर उभे राहिले. दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि गावाला पाणी, असा तो दुहेरी हेतू होता. त्यातल्या अनेकांना आता पन्नास वर्षं होत आली. दरम्यान गावं वाढली. जिथे तेव्हा माळरान होतं, तिथे आज घरं, शाळा, रस्ते आहेत. धरण तेवढंच राहिलं, पण त्याच्याखालचा धोका वाढला.

या तलावांकडे बघायचं कुणी, तर बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेने किंवा जलसंधारण विभागाने. एकेका उपअभियंत्याकडे असे अनेक तलाव असतात. नवीन बांधकामाचं उद्घाटन होतं, फोटो येतो. जुन्या तलावावरची झुडपं काढली, व्हॉल्व्हला वंगण घातलं, तर त्याची बातमी होत नाही. साहजिकच निधीही तिकडे कमी वळतो.

आणि एक अडचण पाण्याचीच आहे. ज्या गावाचं पिण्याचं पाणी एकाच तलावावर आहे, तिथे ‘गळती आहे, यंदा तलाव अर्धाच भरू’ असं म्हणणं सोपं नसतं. अर्धा तलाव म्हणजे मार्चपासून टँकर. त्यामुळे अधिकारी आणि गावकरी दोघंही एक पावसाळा ढकलायला बघतात. हा निर्णय अवघड आहे, पण तो हिशेब मांडून, उघडपणे घ्यायला हवा. टँकरचा खर्च किती आणि खाली घरं किती, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर आले पाहिजेत.

गावाने काय बघायचं?

धरण सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचं काम अभियंत्यांचं. पण पहिली खूण बहुतेकदा गुराख्याला, शेतकऱ्याला किंवा पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला दिसते. म्हणून या गोष्टी माहीत हव्यात:

१. मागच्या बाजूला, पायथ्याशी गढूळ पाणी येतंय का? स्वच्छ पाझर अचानक वाढलाय का?

२. माथ्यावर भेगा पडल्यात का, कुठे खड्डा किंवा खचल्यासारखं दिसतंय का?

३. उतारावरची माती सरकली आहे का? पायथ्याशी जमीन फुगली आहे का?

४. भिंतीवर झाडं, वारुळं, बिळं आहेत का?

५. सांडवा मोकळा आहे का?

६. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरतो का?

यातलं काही दिसलं तर तारीख-वेळ टाकून फोटो काढायचा आणि तक्रार लेखी द्यायची. एक प्रत ज्या विभागाचं धरण त्याला, एक तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरवून जबाबदारी कुणावर येत नाही, आवक-जावकचा शिक्का लागला की येते. पावसाळ्यात गढूळ पाणी वेगाने वाढताना दिसलं तर मात्र कागदाची वाट बघायची नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ किंवा ११२ क्रमांक लावायचा आणि खालच्या वस्तीला आधी उंचावर न्यायचं.

गावाने करू नयेत अशाही काही गोष्टी आहेत. धरणाच्या पायथ्याचा मुरुम काढू नये. सांडव्यात शेती किंवा बांधकाम करू नये. जास्त पाणी मिळावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचू नयेत.

महाराष्ट्रात दरवर्षी १ मे रोजी ग्रामसभा असते. धरणात पाणी कमी असतं, पावसाला महिना उरलेला असतो आणि सगळं गाव एकत्र असतं. गावाच्या वर धरण किंवा तलाव असेल, तर त्या सभेत तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घेता येतात. हे धरण कुणाच्या ताब्यात आहे? त्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवालात काय लिहिलंय? आणि रात्री साडेनऊला भिंत खचायला लागली, तर खालच्या पहिल्या घराला फोन कोण करणार?